अंगण खरंच वाकडं असतं तेव्हा

रंधा मशीनवरून ताजी निघालेली फळी सपाट टेबलावर ठेवली आणि एका कोपऱ्यावर बोट दाबलं. तिरक्या रेषेतला पलीकडचा कोपरा टिचकन वर आला. पाती नव्याने लावून झाली, फेन्स, म्हणजे फळी टेकवायची उभी पट्टी, गुण्यात बसवून झाली, पात्यांच्या पुढच्या-मागच्या दोन्ही टेबलांची उंची तीनदा मोजून झाली, तरी फळी डुगडुगतच होती. कारण सापडलं ते टेबलाच्या पार खाली, जमिनीशी. चार दिवसांपूर्वी मी स्वतःच, पान्याला पाईप लावून, पूर्ण ताकदीने आवळलेला एक अँकर बोल्ट, म्हणजे मशीन जमिनीला बांधणारा बोल्ट. तो ढिला केला तसा मशीनचा पाय कोब्यापासून जवळजवळ पाऊण मिलिमीटर वर आला. म्हणजे तो पाय मुळात टेकलाच नव्हता. मी त्याला बोल्टने खाली ओढलं होतं, आणि त्याच्याबरोबर वरच्या सगळ्या बिडाला पीळ दिला होता.

जड मशीन लेव्हल करायचं म्हणजे पाणसळीचा बुडबुडा मधोमध आणायचा, असं बहुतेकांना वाटतं. मलाही वाटायचं. पण लाकूडकामाच्या मशीनला पृथ्वीशी फारसं देणंघेणं नसतं. जहाजांवरच्या वर्कशॉपमध्ये लेथ, म्हणजे कातकामाची मशीनं, चालतात, आणि तिथली जमीन तर सतत कलत असते. मशीन अख्खं एका बाजूला थोडं कललं तरी टेबल, पातं आणि फेन्स यांचं एकमेकांशी असलेलं नातं बदलत नाही. ते बदलतं पाया पिळला की. एक पाय वर, तिरक्या रेषेतला दुसराही वर, उरलेले दोन खाली, अशी ओढाताण झाली की तिचा परिणाम वरपर्यंत पोचतो. रंध्याचं पुढचं टेबल मागच्या टेबलाशी एका पातळीत राहत नाही आणि लेथची दोन टोकं एका रेषेत येत नाहीत.

मग पाणसळ कशाला लागते? पीळ शोधायला. मशीनच्या दोन टोकांना ती आळीपाळीने आडवी ठेवली आणि दोन्हीकडे बुडबुडा सारखाच कलला, तर पीळ नाही. एकीकडे मधोमध आणि दुसरीकडे रेघभर सरकलेला दिसला, तर आहे. म्हणजे बुडबुडा कुठे आहे यापेक्षा तो दोन्ही जागी सारखा आहे का, हे बघायचं. पुढचं सगळं त्यासाठीच.

आता पायांकडे. तिपाई कधी डुगडुगत नाही, कारण कुठल्याही तीन बिंदूंवर एक सपाट पातळी बसतेच. चौथा पाय आला की कटकट सुरू होते. तो त्या पातळीत असेलच असं नाही, आणि जमीन वाकडी असेल तर बहुधा नसतोच. दोरीने विणलेली बाज मात्र खडबडीत अंगणातसुद्धा चारही पायांवर बसते. तिची चौकट सैल असते, त्यामुळे ती जमिनीप्रमाणे स्वतःच पिळते. मशीनं या दोन टोकांच्या मधली असतात. ज्याचा पाया जाड ओतीव बिडाचा आहे ते मशीन जमिनीला जुमानत नाही, सरळ डुगडुगतं. ज्याला पत्र्याचं स्टँड आहे ते बाजेसारखं मुकाट्याने जमिनीवर बसतं. लोक इथे फसतात. मशीन हलत नाही म्हणजे ते नीट बसलं, असं धरून चालतात. डुगडुगणारं मशीन निदान तक्रार तरी करतं. पत्र्याच्या स्टँडवरचं मशीन न हलता पिळलेलं असू शकतं.

बिडाबद्दलही एक गैरसमज आहे. बीड तुटेल पण वाकणार नाही, असं म्हणतात. करड्या बिडाचा ताठपणा पोलादाच्या साधारण निम्माच असतो. मशीनचे भाग जाड असतात म्हणून ते आपल्याला दगडासारखे वाटतात, एवढंच. दीड-दोन मीटर लांबीचं टेबल असेल तर कागदाच्या जाडीइतकं वाकायला फार जोर लागत नाही. बोल्टचा आटा तेवढा जोर सहज देतो.

कोबा वाकडा का असतो, तर बऱ्याचदा तो तसा केलेलाच असतो. पाणी वाहून जावं म्हणून मोरीकडे किंवा दाराकडे ढाळ दिलेला असतो. शिवाय थापी फिरवताना खोलगट जागा राहतात. सांध्याजवळ आणखी वेगळा प्रकार होतो. काँक्रीटचा वरचा थर खालच्यापेक्षा आधी सुकतो आणि आकसतो, त्यामुळे सांध्याजवळच्या कडा किंचित वर उचलल्या जातात. म्हणून दोन पाय सांध्याच्या अलीकडे आणि दोन पलीकडे, असं मशीन शक्यतो ठेवू नये. ते दोन तुकडे पुढे आपापल्या मर्जीने हलतात, आणि आज केलेलं लेव्हल काही महिन्यांनी आपलं राहत नाही.

मशीन आणण्याआधी गवंड्याची लांब अ‍ॅल्युमिनियमची पट्टी जमिनीवर फिरवून बघावी. तीन मीटरच्या पट्टीखाली एखादं सूत, म्हणजे तीन मिलिमीटरच्या आसपास, फट दिसली तर कोब्याला नावं ठेवायचं कारण नाही. चांगले कोबेही तेवढे वाकडे असतात. बघायचं ते हे की जिथे पाय येणार त्या चार जागांमध्ये किती फरक आहे. कधीकधी मशीन वीतभर सरकवलं तर निम्मा त्रास संपतो. पाचर कापायच्या आधी हे करून बघावं, कारण याला काही लागत नाही.

यावरून एक गंमत आठवली. सारख्या पायांचं चौरस टेबल खडबडीत जमिनीवर डुगडुगत असेल, तर ते जागच्या जागी पाव फेरा फिरवता फिरवता कुठेतरी चारही पायांवर बसतंच, हे गणिताने सिद्ध झालेलं आहे. अट एवढीच की जमिनीत पायऱ्यांसारखी तुटक उंची नको आणि चढउतार फार तीव्र नकोत. कारण सोपं आहे. पाव फेऱ्यात तिरक्या पायांच्या दोन जोड्या एकमेकींच्या जागी जातात. सुरुवातीला जी जोडी अधांतरी होती ती शेवटी टेकलेली असते, आणि टेकलेली होती ती अधांतरी. हा बदल हळूहळू होतो, म्हणून मध्ये एक क्षण असा येतोच की फट शून्य. टेबल तेव्हा सपाट असेलच असं नाही, पण डुगडुगणार नाही. जड मशीन असं फिरवत बसायला कोणी सांगणार नाही. भुश्याचा पाईप आणि वायर एकाच बाजूने येते. तरी हॉटेलात डुगडुगत्या टेबलाखाली कागदाची घडी सरकवण्याआधी मी टेबल फिरवून बघतोच.

मशीन हलवण्याबद्दल थोडक्यात. प्लग काढलेला असावा. उचलायचं ते पायाला किंवा चौकटीला पहार लावून, रंध्याचं टेबल धरून कधीही नाही, कारण टेबलं ज्या खाचांवर सरकतात त्यांच्यावर भार आला की सगळं जुळवलेलं बिघडतं. पहारीने वर केलं की आधी ठोकळा आत सरकवायचा, मग पॅकिंग, म्हणजे पायाखालची फट भरणारा तुकडा. ठोकळा नसताना बोटं खाली घालणारे भेटतात. त्यांच्याशी वाद न घालता पहार आपल्या हातात घ्यावी.

पाणसळ विश्वासाची आहे का, हे तपासायला दुसरी पाणसळ लागत नाही. एका जागी ठेवून बुडबुडा कुठे आहे ते बघा. मग तीच पाणसळ त्याच जागी उलट तोंडाने ठेवा, डावं टोक उजवीकडे. बुडबुडा जमिनीच्या हिशेबाने त्याच बाजूला तेवढाच कलला तर पाणसळ ठीक. नाहीतर दोन वाचनांमधला जो फरक, त्याचा निम्मा दोष पाणसळीचा. आणि दोषी पाणसळसुद्धा पीळ शोधायला चालते, फक्त दोन्ही टोकांना ती एकाच तोंडाने ठेवायला हवी. दोष दोन्हीकडे सारखाच येतो आणि वजा होतो.

ती किती बारीक दाखवते हा खरा प्रश्न. सुताराची चांगली पाणसळ मीटरला अर्ध्या मिलिमीटरपर्यंत भरवशाची असते. यंत्रकाम करणाऱ्यांकडे जी जड, घासून सपाट केलेली पाणसळ असते तिची एक रेघ म्हणजे मीटरला 0.02 मिलिमीटर. छपाईचा साधा कागद 0.1 मिलिमीटर जाड असतो. मीटरभर लांबीच्या एका टोकाखाली त्या कागदाचा पाचवा भाग सरकवला तर ती पाणसळ एक रेघ सरकते. हात ठेवला तरी उबेने बुडबुडा बदलतो, म्हणून ठेवल्यावर थोडं थांबावं लागतं. लाकडाच्या कामाला एवढी नजाकत लागत नाही, पण कुणाकडून एक दिवस मागून आणता आली तर जरूर आणावी.

नाही मिळाली तर सुताराची जुनी युक्ती आहे. दोन सरळ, एकसारख्या रुंदीच्या पट्ट्या घ्यायच्या. एक टेबलाच्या पुढच्या टोकाला आडवी, दुसरी मागच्या टोकाला. मग वाकून एकीच्या वरच्या कडेवरून दुसरीची कड बघायची. कडा एकमेकींना समांतर दिसल्या तर पीळ नाही. पट्ट्या टेबलापेक्षा लांब असल्या तर त्या भिंगासारख्या काम करतात. रंध्याचं टेबल 300 मिलिमीटर रुंद आहे आणि त्या रुंदीत 0.2 मिलिमीटरचा पीळ आहे असं धरा. पट्ट्या 900 मिलिमीटरच्या असतील तर टोकांना तोच फरक 0.6 दिसेल. मागची पट्टी गडद आणि पुढची फिकी असेल तर डोळ्यांना अजून सोपं. यात बुडबुडा नाहीच, तरी साध्या पाणसळीपेक्षा हे मला जास्त भरवशाचं वाटतं.

आता प्रत्यक्ष रंधा मशीन घेऊ, चार पायांचं, प्रत्येक पायाला उंची कमी-जास्त करायचा लेव्हलिंग बोल्ट असलेलं. पहिला नियम असा की चारही बोल्ट एकाच वेळी फिरवायचे नाहीत. चौघांशी खेळत बसलं की एक उचलावा तर दुसरा लटकतो, आणि संध्याकाळपर्यंत मशीन दोन बोटं वर गेलेलं असतं. चौथा बोल्ट आत घेऊन टाका, जमिनीला लागायला नको. मशीनची तिपाई झाली. ज्या बाजूला दोन पाय टेकलेत त्या बाजूला जास्त वजन यावं असं बघून चौथा निवडा. कलंडायची शंका असेल तर लटकत्या कोपऱ्याखाली ठोकळा असू द्या, किंचित फट ठेवून. तीन पायांवर मशीन पिळत नाही. पायाच्या बाजूने ते तेव्हा जितकं मोकळं असतं तितकं पुढे कधीच नसतं, म्हणून आत्ताच टेबलाच्या दोन्ही टोकांचं वाचन लिहून ठेवा. तीन पायांवरसुद्धा टेबलं एकमेकींशी जुळत नसतील तर दोष जमिनीचा नाही. मग टेबलाच्या खाचांकडे जायचं, आणि पॅकिंग घालून तो दोष लपवायचा नाही.

तीन पायांवर मशीन पुरेसं सपाट करून घ्या. किती उचलायचं याचा अंदाज असा. पाणसळीचं खालचं टोक फिलर गेजची, म्हणजे फट मोजायच्या साधनाची, ठरावीक जाडीची पातळ पानं घालून वर करत जा, बुडबुडा मधोमध येईपर्यंत. समजा पाणसळ 600 मिलिमीटर लांब आहे आणि पानं 0.8 मिलिमीटर लागली. पायांमधलं अंतर 900 मिलिमीटर असेल तर पाय त्याच्या दीडपट, म्हणजे 1.2 मिलिमीटर उचलायचा. एम-16, म्हणजे 16 मिलिमीटर जाडीच्या, बोल्टच्या एका फेऱ्याला 2 मिलिमीटर उंची मिळते, एम-12 ला 1.75. म्हणजे एम-16 असेल तर अर्ध्या फेऱ्याहून थोडं जास्त, एम-12 असेल तर दोन तृतीयांशाच्या आसपास. एकदा हे गणित कळलं की फिरवा, बघा, पुन्हा फिरवा हा खेळ दहा मिनिटांत संपतो.

मग चौथा पाय. बोल्ट हाताने खाली आणायचा, जमिनीला लागला असं बोटांना जाणवेपर्यंत. पायाखाली कागदाची पट्टी ठेवा. ती ओढताना धरल्यासारखी लागली पण फाटली नाही, की थांबा. आता थोडा भार त्याच्यावर यावा म्हणून पान्याने अगदी जरासं फिरवा आणि टेबलाची दोन्ही टोकं पुन्हा बघा. आधी लिहिलेलंच वाचन यायला हवं. शेवटी चेक नट, म्हणजे बोल्ट फिरू नये म्हणून त्यावर आवळायचा नट. तो आवळताना बोल्ट आट्यात थोडा ओढला जातो, म्हणून बोल्ट एका पान्याने धरून नट दुसऱ्याने आवळायचा आणि त्यानंतरही एकदा बघायचं. इथे कंटाळा करणारे पुष्कळ आहेत. मीही त्यांच्यातलाच होतो.

लेव्हलिंग बोल्ट नसतील तर पॅकिंग. मशीन तिरकं डुगडुगत असेल तर जे दोन पाय आळीपाळीने उचलले जातात ते आखूड पडलेले. मशीन एका बाजूला दाबून धरा, पलीकडच्या उचललेल्या पायाखालची फट फिलर गेजने मोजा. ती पूर्ण फट त्याच एका पायाखाली भरली तरी चालतं, किंवा निम्मी-निम्मी दोघांखाली. मशीनची जी बाजू खाली आहे तिच्यात भरावी, म्हणजे एका कामात दोन कामं होतात. पॅकिंग पोलादी पत्र्याचं असावं. लाकडी पाचर तात्पुरती ठीक, पण ती दाबली जाते आणि हवेतल्या ओलाव्याने फुगते-आकसते. आणि पातळ पत्र्यांची चळत रचू नये. पाच-सहा पत्रे एकावर एक आले की स्प्रिंगसारखे वागतात. एक जाड तुकडा आणि वर एखादा पातळ, एवढंच.

बोल्टचं टोक थेट कोब्यावर टेकवलं तर काय होतं? 400 किलोच्या मशीनचा वाटा एका पायावर 100 किलो. 12 मिलिमीटर व्यासाच्या टोकाचं क्षेत्रफळ सव्वा चौरस सेंटिमीटरही नाही. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला 90 किलोच्या घरात दाब. त्यात मशीन तिरकं बसलं असेल तर दोनच पायांवर सगळा भार, म्हणजे दाब दुप्पट. वरचा थर भुसभुशीत असेल तर बोल्ट त्यात खड्डा करतो आणि फरशी असेल तर ती तडकते. खाली 80 मिलिमीटर व्यासाची जाड चकती ठेवली तर हाच दाब दोन किलोवर येतो. रबरी पॅड कंपन कमी करतात, पण भाराखाली ते काही दिवस हळूहळू बसत जातात. ते वापरले तर दोन आठवड्यांनी पुन्हा लेव्हल बघण्याची तयारी ठेवा.

आता परत माझ्या त्या अँकर बोल्टकडे. मशीन जमिनीला बांधणं यात काही चूक नाही. ज्याचा तोल वर आहे ते तर बांधलेलंच बरं. चूक क्रमाची होती. बोल्टचं काम जागेवर धरून ठेवण्याचं. फट आधी पॅकिंगने भरलेली असायला हवी. तपासायची सोपी रीत अशी की डायल गेज, म्हणजे बारीक हालचाल सुईने दाखवणारं माप, वेगळ्या, जमिनीवर उभ्या आधारावर बसवून त्याची सुई आवळायच्या पायाजवळ टेकवायची आणि बोल्ट आवळायचा. सुई 0.05 मिलिमीटरपेक्षा जास्त हलली तर पाय खाली ओढला जातोय, म्हणजे खाली फट आहे. फिरत्या यंत्रांची जुळणी करणारे हाच आकडा धरतात. डायल गेज नसेल तर बोल्ट आवळण्याआधी आणि नंतर त्या दोन पट्ट्या टेबलावर ठेवून बघा.

प्रत्येक मशीनसाठी एवढा खटाटोप करायची गरज नाही. बँडसॉ घ्या, दोन चाकांवर पट्ट्यासारखं पातं फिरवणारी करवत. तिचं टेबल, चाकं आणि पातं एकाच ताठ चौकटीत असतात, पायांच्या पिळाने त्यांचं बिघडत काही नाही. तिथे प्रश्न डुगडुगण्याचा. पाया 500 मिलिमीटर रुंद आणि उंची 1900, तर पायाशी एक मिलिमीटरचं डुगडुगणं वर जवळजवळ चार मिलिमीटरचं होतं. ते थांबवा आणि बुडबुड्याचा नाद सोडा. बंद, जाड पेटीसारख्या पायावरची टेबल सॉ, म्हणजे टेबलातून गोल पातं वर आलेली करवत, हीसुद्धा बहुधा समजूतदार असते. फक्त मागे फळी झेलणारं टेबल असेल तर दोघांची पातळी जुळायला हवी, आणि तिथे खरोखरची पाणसळ कामाला येते, कारण दोन वेगळ्या वस्तू एकमेकींशी जुळवायच्या असतात. झेलणारं टेबल केसभर खाली असलं तर चालतं. वर असलं तर फळीची कड अडते.

लेथ मात्र खोडसाळ. लांब, अरुंद बेड, दोन टोकांना दोन पाय, आणि मध्ये लाकूड फिरणार. बेडला पीळ बसला की दोन्ही टोकांचे सुळे, म्हणजे लाकूड मध्ये धरणाऱ्या टोकदार कांड्या, समोरासमोर येत नाहीत. दोन्ही सुळे जवळ आणून त्यांची टोकं भिडवून बघितली की कळतं. एकदा टोकाशी टोक भिडलं म्हणून खूश होऊ नका. मागचा भाग बेडवर दूर नेऊन पाणसळ दोन्हीकडे आडवी ठेवून खात्री करा. सरकत्या टेबलाची पॅनेल सॉ हीसुद्धा याच जातीची, कारण तिचा सरकणारा भाग लांबवर बाहेर आलेला असतो.

जमीन लाकडी असेल तर मशीन भिंतीजवळ, तुळयांवर आडवं येईल असं ठेवावं आणि लेव्हल बघताना नेहमी जिथे उभं राहून काम करतो तिथेच उभं राहावं. आपल्या वजनानेही जमीन दबते.

सगळं झाल्यावर प्रत्येक चेक नट आणि बोल्टवर रंगाची एक सलग रेघ ओढून ठेवायची. नट फिरला की रेघ तुटलेली दिसते. कुठल्या पायाखाली किती पॅकिंग आहे तेही मी मशीनच्या दाराच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवतो. माझं रंधा मशीन आजही भिंतीकडे मीटरला दोन मिलिमीटर कललेलं आहे, दोन्ही टोकांना अगदी सारखं, आणि फळ्या सरळ निघतात. पण येणारा-जाणारा कोणीतरी टेबलावर पाणसळ ठेवतो, चुकचुकतो आणि पाना शोधायला लागतो. म्हणून पॅकिंगच्या आकड्यांखाली मोठ्या अक्षरात लिहिलंय: ‘असंच आहे. बोल्टला हात लावू नये.’